पुण्यातला घरांचा बाजार: मागितलेला भाव सोडा, नोंदलेला भाव वाचा

पुण्यात सध्या घर घेणारा आणि घर विकणारा दोघंही एकच विचारतात: भाव उतरणार का? जाहिरातीतला भाव बघत बसलात तर याचं उत्तर कधीच मिळणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं मुद्रांक शुल्क तात्पुरतं तीन टक्क्यांनी कमी केलं, जानेवारी ते मार्च २०२१ या काळात ती सवलत दोन टक्क्यांवर आली, आणि तिथून इथला बाजार जो चढायला लागला तो पुढची काही वर्षं चढतच राहिला. २०२५ मध्ये विकल्या जाणाऱ्या घरांची संख्या मंदावली, पण दर मात्र कुणी जाहीरपणे उतरवले नाहीत. बिल्डर दरपत्रक खाली आणत नाही, कारण मग आधी बुकिंग केलेले ग्राहक जाब विचारायला येतात आणि बँकेचं मूल्यांकनही घसरतं. रिसेलवाला आकडा खाली आणत नाही, कारण शेजाऱ्यानं मागितलेला भाव त्याच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. त्यामुळे घासाघीस दरातून निघून अटींमध्ये गेली आहे. जीएसटी कोण भरणार, पार्किंग धरून की सोडून, हप्ते कसे, ताबा कधी, यावर व्यवहार जुळतात किंवा फिसकटतात. बाजार खरंच कुठे आहे हे बघायचं तर मागितलेला भाव बाजूला ठेवून नोंदलेला भाव वाचावा लागतो.

इंडेक्स टू कसा वाचायचा

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सेवा आहे. वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सिटीएस (नगर भूमापन) नंबर टाकला की त्या मिळकतीवर नोंदलेले दस्त दिसतात आणि प्रत्येक दस्ताचा गोषवारा देणारी सूची क्रमांक दोन, म्हणजे आपला इंडेक्स टू, उघडते. बहुतेक जण पहिल्याच पायरीवर अडकतात, ते गावाच्या नावावर. यादीत महसुली गावं असतात, आपण बोलतो ती उपनगरं नसतात. कर्वेनगर शोधायचं तर कागदोपत्री ते हिंगणे बुद्रुक आहे. बावधन खुर्द आणि बावधन बुद्रुक ही दोन वेगळी गावं आहेत, वडगाव तर शेरी, खुर्द, बुद्रुक असं तीन ठिकाणी सापडेल. ज्या सोसायटीत घर बघताय तिथल्या कुणाच्याही करारनाम्याच्या पहिल्या दोन पानांवर गाव आणि सर्व्हे नंबर लिहिलेला असतो, तोच घ्यावा.

इंडेक्स टू उघडला की आधी पहिला रकाना बघा, विलेखाचा प्रकार. बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्र बाजूला काढा, त्यातला आकडा बाजारभाव सांगत नाही. करारनामा किंवा खरेदीखत असेल तर दुसऱ्या रकान्यातला मोबदला टिपून घ्या. तिसऱ्यातला 'बाजारभाव' म्हणजे रेडी रेकनरनं, सरकारच्या वार्षिक दरतक्त्यानं, काढलेलं मूल्य, तो प्रत्यक्ष बाजाराचा भाव नव्हे. चौथ्यात फ्लॅटचा क्रमांक, मजला आणि बहुधा पार्किंगचा उल्लेख असतो, पाचव्यात क्षेत्रफळ. ते कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आहे की बिल्टअप (बाहेरच्या भिंती धरून), चौरस मीटरमध्ये आहे की फुटांत, हे दर वेळी तपासा, कारण एकाच इमारतीतले दोन दस्तही वेगवेगळ्या पद्धतीनं लिहिलेले सापडतात. नववा रकाना दस्त करून दिल्याची तारीख सांगतो, दहावा नोंदणीची.

एकाच फ्लॅटचं साठेखत (आधी होणारा विक्रीचा करार) आणि खरेदीखत दोन्ही यादीत येऊ शकतं, तो व्यवहार एकदाच मोजा. नव्या प्रकल्पातला दर आज नोंदला गेला असला तरी तो ठरलेला असतो काही महिने आधी, बुकिंगच्या वेळी. म्हणजे नव्या घरांचा इंडेक्स टू बाजाराच्या थोडा मागे चालतो, रिसेलचा तेवढा नाही. मोबदला आणि रेडी रेकनर रुपया-दोन रुपयांच्या फरकानं जुळत असतील तर त्या व्यवहारात काही रक्कम रोखीनं गेलेली असण्याची शक्यता आहे, तो आकडा आधाराला घेऊ नका. एका सोसायटीतले आणि लगतच्या दोन-तीन इमारतींतले गेल्या दीड वर्षातले पाच-सहा व्यवहार हाताशी आले की तुमच्याकडे एजंटाच्या तोंडी भावापेक्षा भक्कम माहिती असते.

नव्या प्रकल्पासाठी दुसरं साधन महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखाली गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर आहे. किती फ्लॅट विकले गेले याची माहिती बिल्डरला दर तिमाहीला भरावी लागते. दोन लागोपाठच्या तिमाहींचे आकडे शेजारी ठेवले की विक्री चालू आहे की थांबली आहे ते समजतं. साइटवर 'शेवटचे तीन फ्लॅट उरलेत' असं सांगितलं जात असेल आणि पानावर निम्मी इमारत रिकामी दिसत असेल, तर वाटाघाटीत तुमची बाजू जड आहे.

चौरस फुटाचा घोळ

दर एकाच मापावर आणल्याशिवाय तुलना करू नका. समजा ८० लाखांचा टू बीएचके आहे आणि रेरा कार्पेट ६२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६६७ चौरस फूट. सेल्सवाला जिने-लॉबीचा वाटा धरून त्याला '१,०५० स्क्वेअर फूट सेलेबल' म्हणेल आणि दर पडेल साधारण ७,६०० रुपये. कार्पेटवर हाच दर सुमारे १२,००० रुपये होतो. रेरा कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि स्वतंत्र टेरेस धरले जात नाहीत. त्यामुळे बाल्कनीचं माप वेगळं विचारा आणि दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून ठेवा.

रेरा येण्याआधीच्या, म्हणजे २०१७ च्या आधीच्या, जुन्या फ्लॅटमध्ये करारनाम्यावरचं क्षेत्रफळ बिल्टअप असतं किंवा कशाच्याही व्याख्येत बसत नाही. तिथे फीत घेऊन खोली-खोली मोजणं हाच उपाय. दर वेळी आतून, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मोजताना हेही बघा की बाल्कनी हॉलमध्ये घेतली आहे का, टेरेसवर पत्रा टाकून खोली केली आहे का. मंजूर नकाशात नसलेली जागा बँकेचा मूल्यांकनकर्ता धरत नाही. विकणारा तिचे पैसे मागतो, कर्ज मात्र तिच्याशिवाय मंजूर होतं, आणि व्यवहार शेवटच्या आठवड्यात अडकतो तो इथेच.

नवं घर: सूट कुठे लिहिली आहे ते बघा

८० लाख करारमूल्याचं, बांधकाम चालू असलेलं घर पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत घेतलंत तर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख, ७ टक्के मुद्रांक म्हणजे ५ लाख ६० हजार आणि नोंदणी फी ३० हजार. घर ८९ लाख ९० हजारांना पडलं. सातातले पाच टक्के मूळ शुल्क, एक टक्का स्थानिक संस्थेचा आणि एक टक्का मेट्रोचा अधिभार आहे. फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते, इथे ८० हजार रुपये. नवरा-बायको दोघांची नावं घातली की ती सवलत जाते. भोगवटापत्र (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) मिळालेल्या घराला आणि रिसेलला जीएसटी नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि मुद्रांक व नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. करारमूल्यावर हिशोब केला तर कर्ज ६४ लाख. म्हणजे १६ लाख स्वतःचा हिस्सा आणि वरचे ९ लाख ९० हजार, मिळून जवळपास २६ लाख रुपये तुमच्याकडे तयार हवेत. फर्निचर, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स आणि वीजमीटरचे पैसे याच्या पुढचे. १६ लाखांवर गणित थांबवणारी कुटुंबं मग वैयक्तिक कर्ज काढतात, आणि ते सगळ्यात महाग पडतं.

आता सूट. बिल्डर ४ लाख सोडायला तयार झाला, तर ते कुठून सोडतो हे महत्त्वाचं. करारमूल्यच ७६ लाख लिहिलं तर जीएसटी आणि मुद्रांक मिळून १२ टक्के, म्हणजे आणखी ४८ हजार वाचतात. करार ८० लाखांचाच ठेवून 'नंतर परत देऊ' म्हटलं तर ते ४८ हजार गेले, आणि परतीचं आश्वासन कुठल्याच नोंदलेल्या कागदावर नसतं. शिवाय बँकेला न सांगता किंमत फुगवून दाखवणं ही लबाडी आहे. करारमूल्य कमी झालं की कर्जही ३ लाख २० हजारांनी कमी होतं, हे खरं, पण तेवढ्यासाठी खोट्या आकड्यावर सही करू नये. मॉड्युलर किचन, सोन्याचं नाणं, परदेश सहल यांपेक्षा करारमूल्यातली घट किंवा जादाची पार्किंग मागा. पार्किंगचा क्रमांक, माप आणि जागा करारनाम्याला जोडलेली हवी.

शहराच्या कडेला, मोशी किंवा वाघोलीसारख्या भागात, ४५ लाखांची सीमा लक्षात ठेवा. जीएसटीच्या महानगरांच्या यादीत पुणे नाही, म्हणून इथे ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या आणि ४५ लाखांपर्यंतच्या घराला जीएसटी १ टक्काच लागतो. ४५ लाखांवर तो ४५ हजार होतो, ४६ लाखांवर ५ टक्क्यांनी थेट २ लाख ३० हजार. फसगत होते ती अशी: फ्लॅटची किंमत ४४ लाख सांगतात, पण पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे) आणि डेव्हलपमेंट चार्जेस वेगळे लावतात. हे सगळं मिळून ४५ लाखांच्या वर गेलं की सवलतीचा दर गेला.

बुकिंगला १० टक्क्यांहून जास्त रक्कम करारनामा नोंदवल्याशिवाय घेता येत नाही. रेराच्या नमुना करारनाम्यातले टप्पे डोळ्यांसमोर ठेवा: करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, भिंती-प्लास्टर-फरशी-दारं-खिडक्यांनंतर ७५, जिने-लॉबी-सॅनिटरीनंतर ८०, बाहेरचं प्लास्टर आणि प्लंबिंग झाल्यावर ८५, लिफ्ट-पंप-वायरिंग झाल्यावर ९५, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटापत्रासह ताब्याच्या वेळी. पुण्यातले बरेच करार पहिल्या स्लॅबांवर जास्त पैसे ओढतात. तुमच्या वेळापत्रकात जोत्यालाच ६० टक्के मागितले असतील तर सही करण्याआधी ते बदलून घ्या. महारेराच्या नमुना वाटपपत्राप्रमाणे १५ दिवसांच्या आत बुकिंग रद्द केलं तर कपात होत नाही. तुमच्या वाटपपत्रात तसं लिहिलंय का ते पैसे भरण्याआधी बघा.

प्रकल्पाच्या पानावर ताब्याची मूळ तारीख आणि सुधारित तारीख दोन्ही दिसतात. तुमच्या करारातली तारीख त्याच्याशी ताडून बघा. उशीर झाला तर व्याज मागायचा हक्क करारातल्या तारखेपासून मोजला जातो, साइटवर तोंडी सांगितलेल्या दिवाळीपासून नाही.

कर्ज स्वस्त झालं, पण आपोआप नाही

फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. ६४ लाखांचं २० वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांनी असेल तर हप्ता सुमारे ५७,६०० रुपये बसतो, ७.७५ टक्क्यांनी सुमारे ५२,५००. महिन्याला पाच हजारांचा फरक. मात्र बँकांची १ ऑक्टोबर २०१९ नंतरची फ्लोटिंग (बदलत्या व्याजाची) कर्जंच बाहेरच्या दराला, बहुधा रेपोला, जोडलेली आहेत. गृहवित्त कंपन्यांना तो नियम लागू नाही, त्या आपला दर आपल्या वेळेनं बदलतात. म्हणून आज पाव टक्का कमी देणारी कंपनी आणि रेपोशी जोडलेली बँक यांत मी बँक निवडीन. बँकेतही रेपोवरचा फरक, म्हणजे स्प्रेड, किती आहे हे मंजुरीपत्रात वाचा. नव्या ग्राहकाला कमी स्प्रेड देऊन जुन्याचा तसाच ठेवला जातो आणि तो अर्ज करून कमी करून घ्यावा लागतो. नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, तेव्हा 'टॅक्स वाचतो म्हणून घर' हे जुनं समीकरण तुमच्या बाबतीत लागू आहे का ते आधी बघा.

कडेची उपनगरं: पाणी आणि पूररेषा

महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, पण हद्द वाढली म्हणून नळ आला असं झालं नाही. बांधकाम परवानगीच्या वेळी पाण्याबाबत बिल्डरकडून हमीपत्र घेतलं जातं. सोसायटी झाल्यावर टँकरचं बिल बहुधा रहिवाशांच्याच मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. हिशोब सोपा आहे. माणशी रोज १३५ लिटर, घरात चार माणसं, म्हणजे ५४० लिटर. शंभर घरांना रोज ५४,००० लिटर, दहा हजारी टँकर असेल तर पाच-सहा खेपा. सगळं पाणी टँकरचं आणि खेपेचे हजार रुपये धरले तरी घरटी महिन्याला १,६०० रुपये होतात, आणि उन्हाळ्यात टँकरचा भाव चढतो. रिसेल घर बघताना सोसायटीकडून एप्रिल आणि मे महिन्यांचा टँकरचा खर्च मागून घ्या. नव्या प्रकल्पात शेजारच्या राहत्या सोसायटीच्या वॉचमनला सकाळी सात वाजता विचारा की टँकर किती येतात. ब्रोशरमधल्या '२४ तास पाणी' या ओळीपेक्षा हे उत्तर खरं असतं.

नदी-ओढ्याजवळचं घर असेल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यानं सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशावरून मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. ती घरं लोकांनी पैसे मोजून घेतलेली होती, कागद करून घेतलेली होती. दस्त नोंदला गेला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं होत नाही. दुय्यम निबंधक कार्यालय बांधकामाची परवानगी तपासायला बसलेलं नाही. समाविष्ट गावांतल्या 'ग्रामपंचायतीची मंजुरी आहे' अशा इमारतींचंही तेच. मंजूर नकाशावर जिल्हाधिकारी, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा महापालिकेचा शिक्का नसेल तर चांगली बँक कर्ज देत नाही, आणि उद्या तुम्ही विकायला गेलात तर तुमच्या ग्राहकालाही देणार नाही.

मेट्रोबद्दल थोडक्यात. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मार्गांवर गाड्या चालू आहेत, त्यांच्या स्थानकापासून चालत दहा मिनिटांत असलेल्या घराला जास्त पैसे मोजायला हरकत नाही. पुढे चांदणी चौक आणि वाघोलीपर्यंतच्या विस्ताराला जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली आहे. मंजुरीवर आज दर वाढवून देऊ नका.

विकणाऱ्यासाठी

किंमत ठरवताना वरच्या पद्धतीनं काढलेला इंडेक्स टूचा कार्पेट दर घ्या, मजला, लिफ्ट, पार्किंग आणि इमारतीचं वय यांनुसार थोडा इकडेतिकडे करा, आणि त्याच्या वर फार तर तीन-चार टक्के मागा. पंधरा टक्के वर मागून 'कमी करू की' म्हणणाऱ्या घरांना पहिल्या महिन्यातच खरे ग्राहक सोडून जातात, कारण कर्जाची बँक-मंजुरी हातात असलेला माणूस बजेटच्या बाहेरचं घर बघायलाच येत नाही. तीन महिने जाहिरातीत राहिलेल्या फ्लॅटला मग 'यात काहीतरी भानगड आहे' असा वास लागतो.

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर भागात विकणारे पुनर्विकासाची किंमत मागतात. बिल्डरबरोबर नोंदलेला विकसन करार झालेला असेल तर ती मागणी रास्त आहे. नुसत्या सर्वसाधारण सभेतल्या चर्चेवर ती मागू नये आणि घेणाऱ्यानं देऊ नये. प्लॉटचं क्षेत्र, समोरच्या रस्त्याची रुंदी, आजवर किती एफएसआय (प्लॉटवर मिळणारं बांधकामाचं प्रमाण) वापरला गेला आणि अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी, सोसायटीच्या नावे झालंय का, या चार गोष्टींवर पुनर्विकास होतो की अडतो ते ठरतं. अभिहस्तांतरण नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डरच्या सहीशिवाय सरकारकडून होणाऱ्या) फाइल कुठे आहे ते विचारा. पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट आहेत. तिथे भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट असतं, आणि तेच करून घेतलेलं नाही असे मालक भरपूर आहेत. विकायला काढण्याआधी ते पूर्ण करा.

ग्राहक यायच्या आधी ही फाइल तयार हवी: मूळ करारनामा आणि त्याचा इंडेक्स टू, आधीचे सगळे साखळी दस्त, भोगवटापत्र, मंजूर नकाशा, भागपत्र, चालू मिळकतकराची पावती, वीजबिल, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. तुमचं कर्ज चालू असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि त्यांच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी आधीच मागवा. ग्राहकाची बँक पहिल्यांदा तीच मागते. कर्ज फेडल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, नाहीतर बँकेच्या चुकीनं झालेल्या उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. 'विकास निधी' म्हणून लाखभर मागितले तर लेखी मागणी द्या म्हणावं. घर वडिलांच्या नावे असेल आणि तुम्ही फक्त नॉमिनी असाल, तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. भागपत्रावर नाव चढलं म्हणून मालकी आली नाही.

पैशांची घेवाणदेवाण सगळी बँकेतून. जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि घर विकत घेणाऱ्याच्या हिशोबात त्याची खरेदी किंमत कायमची कमी राहते. मोबदला रेडी रेकनरच्या खाली जात असेल तर १० टक्क्यांपर्यंतचा फरक आयकर खातं मान्य करतं. त्यापलीकडे दोघांनाही कर लागतो. १ एप्रिल २०२५ ला पुणे महापालिका हद्दीत रेकनर सरासरी ४.१६ टक्के आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९ टक्के वाढला, तेव्हा जुन्या तक्त्यावर विसंबू नका. मुद्रांक मोबदला किंवा रेकनर यांपैकी जास्त असेल त्यावर बसतो.

कराचं गणित करूनच किंमत पक्की करा. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर निवासी भारतीय व्यक्तीला दोन वाटा आहेत: नफ्यावर सरळ १२.५ टक्के, किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के. समजा २००८-०९ मध्ये २५ लाखांना घेतलेलं घर २०२५-२६ मध्ये ८० लाखांना विकलं. निर्देशांक १३७ वरून ३७६ झाला, म्हणजे खरेदी किंमत सुमारे ६८ लाख ६० हजार धरली जाते, नफा ११ लाख ४० हजार, कर जवळपास २ लाख २८ हजार. सरळ वाटेनं ५५ लाखांवर १२.५ टक्के, म्हणजे सुमारे ६ लाख ८८ हजार. साडेचार लाखांचा फरक. २०२०-२१ मध्ये ५० लाखांना घेतलेलं घर असेल तर दोन्ही वाटांनी साडेतीन ते पावणेचार लाखच येतात. सेस यावर वेगळा. खरेदीच्या वेळचा मुद्रांक आणि नोंदणी फी खरेदी किमतीत धरता येते, म्हणून त्या जुन्या पावत्या शोधून ठेवा.

घेणाऱ्यानं ५० लाख किंवा त्याहून जास्त व्यवहारात १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, आणि ही मर्यादा प्रत्येक खरेदीदाराची वेगळी नाही, सगळ्यांची मिळून आहे. विकणाऱ्याचा पॅन आधारशी जोडलेला नसेल तर हा दर २० टक्क्यांवर जाऊ शकतो, तेव्हा टोकनच्या आधीच स्थिती तपासा. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही. कपात कितीतरी मोठी असते, आणि कमी कपातीचा दाखला विकणाऱ्यानं आधी काढून ठेवला नाही तर त्याचे लाखो रुपये परतावा येईपर्यंत अडकतात.

जुनं विकून नवं घेताना

सध्याच्या बाजारात टू बीएचके विकून थ्री बीएचके घेणारे खूप आहेत. माझा सल्ला: आधी विकण्याचं साठेखत नोंदवा, मग नव्या घराला टोकनपेक्षा जास्त रक्कम द्या. साठेखतावर पूर्ण मुद्रांक भरला की खरेदीखताला तो पुन्हा भरावा लागत नाही, त्यामुळे नोंदणी पुढे ढकलली तरी ग्राहकाचं काही वाचत नाही. मुदत ६० ते ९० दिवसांची ठेवा, आणि त्यात हे लिहून घ्या: ग्राहकाचं कर्ज नाकारलं गेलं तर टोकनचं काय, विकणाऱ्याच्या बँकेला पहिला चेक थेट किती जाणार, ताबा शेवटच्या रकमेनंतर किती दिवसांनी. विकून आलेला नफा दोन वर्षांच्या आत नव्या घरात घातला, किंवा विक्रीच्या आधीच्या एका वर्षात घातलेला असला, तर करातून सूट मिळते. बांधकाम करून घेत असाल तर तीन वर्षं. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले गेले नसतील तर ते साध्या बचत खात्यात ठेवू नका, बँकेत भांडवली नफा खातं उघडून त्यात भरा. मुदतीनंतर भरलेल्या रकमेला ही सूट मिळत नाही.

नव्या घराची नोंदणी झाली की मिळकतकरावर नाव लावून घ्या. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असाल तर ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज राहत्या पुराव्यासह भरा. आधीच्या मालकानं घर भाड्यानं दिलेलं असेल तर बिल सवलतीशिवायच येत राहतं, तुम्ही अर्ज करेपर्यंत.